फ्लोअर फर्नेस असताना क्रॉल स्पेस सील करायची का?

बंगला_१९२६ (अलमिडा, कॅलिफोर्निया)

नमस्कार मंडळी. ऑगस्टमधे आम्ही अलमिडात जुना बंगला घेतला. १९२६ सालचा, साधारण ११०० चौरस फूट, डक्टिंग अजिबात नाही. हॉल आणि बेडरूमच्या मधल्या पॅसेजमधे जमिनीत मोठी लोखंडी जाळी आहे आणि तिच्याखाली गॅसची फ्लोअर फर्नेस टांगलेली आहे. प्लेटवर इनपुट ५०,००० बीटीयू (तासाला किती उष्णता, त्याचं माप) लिहिलंय. पंखा नाही, विजेची जोडणीही नाही. थर्मोस्टॅट फिरवला की थोड्या वेळाने खाली भप् असा आवाज होतो आणि मग गरम हवा वर यायला लागते. घर घेतानाच्या इन्स्पेक्शन रिपोर्टात "जुनी आहे, जाणकाराकडून तपासून घ्या" एवढंच होतं.

गेल्या आठवड्यात गारठा वाढला म्हणून पहिल्यांदा सलग लावली. सकाळी खिडक्यांच्या काचा आतून पाण्याने थबथबलेल्या. जाळीच्या एका कडेला काळपट डाग आहे, तो आधीपासून होता की आत्ता आला ते सांगता येत नाही.

आता दोन माणसं दोन गोष्टी सांगतायत. एका कॉन्ट्रॅक्टरचं म्हणणं, घराखालची क्रॉल स्पेस (माती आणि घराची फरशी यांमधली, सरपटत जाण्याइतकी जागा) ओलसर आहे, म्हणून जमिनीवर जाड प्लास्टिक टाकून पायाच्या भिंतीतले सगळे व्हेंट बंद करू, म्हणजे घर उबदार राहील. दुसरा ओळखीतून आलेला हँडीमन आहे. तो म्हणतो, त्याच खड्ड्यात त्याच मापाची दुसरी फर्नेस एका दिवसात बसवून देतो, परमिटची भानगड नको.

मुलगी आठ महिन्यांची आहे, नुकती रांगायला लागलीय. नोव्हेंबरात सासू-सासरे सांगलीहून तीन महिन्यांसाठी येतायत. सासऱ्यांना मधुमेह आहे. फोडणीच्या वासासाठी आल्या आल्या ९०० सीएफएमचा रेंज हूड (शेगडीवरचा धूर ओढणारा पंखा) बसवून घेतला, घरात मोठा बदल असा तेवढाच. काय करू? सील करू का? नवी फर्नेस बसवू का?

सॅक्रामेंटोकर

आमच्या आधीच्या घरात होती अशीच. काढून टाकली आणि डक्टलेस मिनी स्प्लिट लावला, म्हणजे विजेवर खोली गरमही करणारा भिंतीवरचा एसी. उन्हाळ्यात एसीही मिळतो. मी तरी जमिनीतल्या त्या जाळीवर पैसे घालणार नाही.

भट्टीवाला

ताई, बाकीचं नंतर, आधी ती भट्टी बंद करा. नुसता थर्मोस्टॅट खाली आणून नाही, पायलट (बर्नर पेटवणारी सतत जळणारी छोटी ज्वाला) सुद्धा. गॅसचा व्हॉल्व्ह बंद करा आणि गॅस कंपनीला फोन करून तपासणी मागा. अलमिडात वीज म्युनिसिपल पॉवरची असली तरी गॅस पीजी अँड ई चा आहे. त्यांचा माणूस घरातली गॅसची उपकरणं तपासायला आणि पायलट पेटवायला पैसे घेत नाही. तो बघून जाईपर्यंत कुणीही ती पेटवू नका. तुम्हाला किंवा बाळाला घरात असताना डोकं जड होणं, मळमळ, गुंगी असं काही वाटत असेल आणि बाहेर गेल्यावर बरं वाटत असेल, तर हा मजकूर वाचत बसू नका. सगळे बाहेर पडा आणि ९११ ला फोन करा.

मी इचलकरंजीचा, पण कामाचं आयुष्य सगळं ईस्ट बेमधे हीटिंगच्या धंद्यात गेलं. ओकलंड, बर्कली, अलमिडाच्या जुन्या बंगल्यांखाली पोटावर सरपटत जाऊन अशा भट्ट्या पाहिल्यात, म्हणून सविस्तर लिहितो.

तुम्ही सांगितलेल्या तीन गोष्टी एकत्र आल्यात म्हणून मला काळजी वाटते. काचांना पाणी अलमिडात नुसत्या जमिनीच्या ओलीनेही येतं, बेटाखाली भूजल फार वर आहे. पण पेटताना भप् आवाज होणं म्हणजे बर्नरला ज्वाला लागायच्या आत गॅस साचतोय. पायलट मळलाय किंवा बर्नरची भोकं गंजाने-धुळीने बुजलीत. आणि काळा डाग जर काजळी असेल, तर गॅस अर्धवट जळतोय. अर्धवट जळला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. गॅसला जो वास येतो तो त्यात मुद्दाम मिसळलेल्या द्रव्याचा, आणि जळताना तोही जळून जातो.

आता तुमचा मुख्य प्रश्न. क्रॉल स्पेस सील करायची का? ती भट्टी तिथे असेपर्यंत नाही. कॉन्ट्रॅक्टर ओलीबद्दल चुकीचं बोलत नाहीये, पण त्याने वर काय टांगलंय ते पाहिलेलं दिसत नाही.

ही भट्टी जळायला लागणारी हवा तुमच्या खोलीतून घेत नाही, खालच्या क्रॉल स्पेसमधून घेते. खोलीतली हवा फक्त गरम पत्र्याच्या बाहेरून फिरून वर येते. ५०,००० बीटीयू म्हणजे तासाला सुमारे ५० घनफूट गॅस. एक घनफूट गॅस नीट जळायला साधारण १० घनफूट हवा लागते. म्हणजे तासाला ५०० घनफूट हवा नुसती ज्वालेसाठी, शिवाय ड्राफ्ट हूडमधून (पाइपाच्या सुरुवातीचं उघडं तोंड) फ्लूमधे, म्हणजे धूर बाहेर नेणाऱ्या पाइपात, ओढली जाणारी हवा वेगळी. ही सगळी पायाच्या भिंतीतल्या त्या जाळीदार व्हेंटमधून येते. ते बंद केलेत की पहिल्या काही मिनिटांत काही कळणार नाही. नंतर ज्वाला पिवळी आणि लांब होत जाईल, आणि जो धूर फ्लूने वर जायचा तो घराखालीच साचेल. घर गरम असलं की वरून हवा निसटते आणि खालची हवा फटींतून वर ओढली जाते. जुन्या लाकडी जमिनीला फटी किती असतात हे तुम्ही बघताच आहात.

बिल्डिंग कोडमधला हिशेब सांगतो, म्हणजे कॉन्ट्रॅक्टरशी बोलताना उपयोगी पडेल. बाहेरून थेट हवा आणायची तर कायम उघडी राहणारी दोन तोंडं लागतात, एक त्या जागेच्या छतापासून १२ इंचांच्या आत, दुसरं तळापासून १२ इंचांच्या आत. प्रत्येकाचं मोकळं क्षेत्रफळ दर ४,००० बीटीयूला १ चौरस इंच. तुमच्या भट्टीला प्रत्येकी १२.५ चौरस इंच झालं. हे मोकळं क्षेत्रफळ आहे, चौकटीचं माप नाही. लूव्हरचं (व्हेंटवरच्या तिरक्या पट्ट्यांच्या झडपेचं) मोकळं क्षेत्रफळ माहीत नसेल तर लोखंडी लूव्हरचं ७५ टक्के आणि लाकडी लूव्हरचं फक्त २५ टक्के धरतात. वॉटर हीटरही तिथलीच हवा घेत असेल तर त्याचे बीटीयू यात मिळवायचे. हे किमान झालं. ओल जाण्यासाठी जमिनीखाली व्हेंट किती हवेत त्याचा नियम वेगळा आहे, आणि तो आकडा याहून बराच मोठा येतो.

आता तो रेंज हूड. आपल्या घरांमधे हा मुद्दा फार महत्त्वाचा आहे आणि इथले इन्स्पेक्टर तो विचारतही नाहीत. ९०० सीएफएम म्हणजे मिनिटाला ९०० घनफूट. तुमचं घर ११०० चौरस फूट, छत ९ फूट धरलं तर सगळं मिळून १०,००० घनफुटांच्या आसपास. सगळ्या खिडक्या लावून मासे तळायला घेतलेत आणि हूड फुल केला, तर दहा-बारा मिनिटांत घरभर हवा उपसली जाते. तेवढी हवा कुठून तरी आत यायलाच हवी. ती जमिनीच्या फटींतून येते, आणि वॉटर हीटरच्या फ्लूमधून उलटीही येते. म्हणून हूड चालू असताना स्वयंपाकघराची खिडकी चांगली वीतभर उघडी ठेवायची, भट्टी असो की नसो, गॅसचा वॉटर हीटर आहे तोवर. गॅस कंपनीच्या माणसाला सांगा की ड्राफ्टची (धूर फ्लूमधून वर ओढला जातो का, याची) चाचणी हूड आणि बाथरूमचे पंखे चालू ठेवून, दारं-खिडक्या लावून कर. सगळं शांत असताना पास झालेली चाचणी संध्याकाळच्या स्वयंपाकाच्या वेळी उपयोगाची नाही.

हँडीमनबद्दल. परमिटशिवाय ही गोष्ट करू देऊ नका. एक दिवसात बसवून देतो म्हणणारा माणूस फक्त डबा बदलणार आहे, आणि धोका बहुतेक वेळा डब्याच्या आजूबाजूला असतो. नवी बसवायचीच असेल तर काय काय बघावं लागतं ते ऐका. डब्याचा तळ जमिनीपासून किमान ६ इंच वर हवा. कारखान्यातूनच खालचा भाग पाणी न शिरेलसा बंद केलेला असेल तरच २ इंच चालतात. तेवढी उंची नसेल तर खाली खड्डा खणायचा, बाजूंनी १२ इंच मोकळे, आणि जिथे कंट्रोल आहेत त्या बाजूला १८ इंच, कारण तिथे माणसाला हात घालून काम करायचंय. पाणी साचणारी जागा असेल तर खड्ड्यात पाणी न झिरपणारा पॅन किंवा काँक्रीट करून त्याच्या कडा जमिनीपासून ४ इंच वर आणायच्या. अलमिडात हे सोडून चालणारच नाही. तिथे खड्ड्यात पाणी उभं राहून बर्नर बुडालेले मी पाहिलेत. माणूस आत जाण्यासाठी पायाच्या भिंतीत २४ बाय १८ इंचांचं तोंड हवं.

वर घरात, जाळी भिंतीपासून ६ इंच तरी लांब. कुठलंही दार उघडताना जाळीच्या १२ इंचांच्या आत येता कामा नये, पडदेही तेवढेच लांब. तुमची पॅसेजमधे आहे म्हणता, तर बेडरूमचं आणि बाथरूमचं दार पूर्ण उघडून आजच माप घ्या. जुन्या बंगल्यांत नंतर कुणीतरी दाराची बिजागरं दुसऱ्या बाजूला लावलेली असतात आणि दार जाळीवर फिरतं.

फ्लूचा पाइप घराखालून आडवा जाऊन मग उभा होतो. त्या आडव्या भागाला दर फुटाला पाव इंच चढ हवा, उतार कुठेही नको, आणि तो छपराच्या वर जाऊन टोपीत संपला पाहिजे. वळचणीखाली किंवा क्रॉल स्पेसमधेच नाही. ही भट्टी तासभर सलग चालली तर सुमारे दोन लिटर पाणी वाफ होऊन त्या पाइपातून जातं. पाइप मधेच लवला असेल तर ते पाणी तिथे साचतं आणि पत्रा आतून खातं. बाहेरून चकचकीत दिसणारा पाइप बोटाने दाबला की आत जातो. एक मात्र, पाइप राखाडी सिमेंटसारखा असेल किंवा त्यावर पांढरट कापडी वेष्टण असेल तर त्याला हातही लावू नका. त्या काळच्या मालात अॅस्बेस्टॉस असतं. तोडायचं, खरवडायचं काम परवानाधारकाचं.

आणि बाळ. भट्टी उत्तम चालत असली तरी ती जाळी इतकी तापते की रांगणाऱ्या मुलांच्या तळहातांवर आणि गुडघ्यांवर चौकोनी डाग उमटतात, इथल्या डॉक्टरांना हे डाग पाहिले की कळतं कुठून आलेत. जाळीच्या चारही बाजूंनी फूट-दोन फूट सोडून धातूचं कुंपण लावावं लागेल. सासरेबुवांचंही सांगतो. आपण घरात अनवाणी फिरतो. मधुमेहाने तळपायाची जाणीव कमी झाली असेल तर माणूस जाळीवर उभा राहतो आणि भाजलेलं त्याला कळत नाही. त्यांना जाड तळाच्या सपाता घालायला लावा. सासूबाईंना लंगोट, दुपटी, गोधडी त्या जाळीवर वाळत घालू देऊ नका. त्या प्रेमानेच घालतील, म्हणून येताच सांगून ठेवा. कापडाने जाळी झाकली की उष्णता खाली अडकते.

कोथरूडची_मी (सध्या फ्रीमाँट)

वाचून अंगावर काटा आला. पुण्यात लहान बाथरूममधे गॅस गीझर लावून, खिडकी बंद करून आंघोळीला गेलेली माणसं दगावल्याच्या बातम्या आपण सगळ्यांनी वाचल्यात. हे तेच ना? आमच्याकडे सीओ (कार्बन मोनॉक्साइड) अलार्म आहे, तो गप्प आहे म्हणजे सगळं ठीक समजायचं का?

भट्टीवाला

हो, विष तेच. तिथे गीझर आंघोळीच्या खोलीतलीच हवा जाळतो आणि धूर तिथेच सोडतो, म्हणून काही मिनिटांत घात होतो. इथे फ्लू आहे म्हणून वेळ मिळतो, पण फ्लू नीट असेल तरच.

अलार्म लावलाच पाहिजे. गॅसची उपकरणं असलेल्या स्वतंत्र घरांत कॅलिफोर्नियात तो २०११ च्या जुलैपासून सक्तीचा आहे. झोपायच्या खोल्यांबाहेर एक, आणि घराच्या प्रत्येक मजल्यावर. पण तो गप्प आहे म्हणून निर्धास्त होऊ नका. नेहमीचा घरगुती अलार्म हवेत ७० पीपीएम (दहा लाख भागांत ७० भाग) असताना एक ते चार तासांनी वाजला तरी तो नियमात बसतो. १५० ला दहा ते पन्नास मिनिटं, ४०० ला चार ते पंधरा मिनिटं. खोट्या घंटा वाजू नयेत म्हणून तसं ठेवलंय. त्याहून कमी प्रमाण रात्रभर राहिलं तर तो वाजणारही नाही, आणि घरात तान्हं मूल असताना मला ते चालत नाही. कमी प्रमाण आकड्यात दाखवणारा मीटर वेगळा मिळतो, तो बाळाच्या खोलीत ठेवावा. अलार्मच्या पाठीवरची तारीखही बघा. सेन्सरला आयुष्य असतं, बॅटरी बदलून ते वाढत नाही.

बंगला_१९२६

भट्टीवाला काका, मनापासून आभार. त्याच रात्री बंद केली. दोन दिवसांनी गॅस कंपनीचा माणूस आला. फार शांतपणे, सगळं दाखवत काम केलं त्याने. आधी खाली न जाता वरून जाळी काढून टॉर्च मारला. हीट एक्स्चेंजरच्या (ज्वालेभोवतीचा, हवा गरम करणारा पत्रा) शिवणीवर गंजाची लांब रेघ होती आणि तिच्यातून खालच्या पायलटचा उजेड दिसला असता, असं तो म्हणाला. मग खाली गेला. आडवा पाइप मधोमध लवलाय, एका सांध्याला नुसती चंदेरी टेप गुंडाळलेली. खड्ड्याच्या भिंतीवर पाण्याची रेघ बर्नरच्या उंचीला. त्याने धोक्याचा लाल टॅग लावला, गॅस तोडून टोकाला प्लग घातला. आता ही पेटवायची नाही, म्हणाला.

शहराच्या बिल्डिंग विभागात विचारलं. बदलायची असो की काढायची, परमिट लागतंच. हँडीमनला नाही सांगितलं. आम्ही दोघांनी ठरवलंय, भट्टी काढायची, भोक बुजवून जमीन सलग करून घ्यायची आणि मिनी स्प्लिट लावायचा. पण घराचा विजेचा पॅनल १०० अँपचाच आहे, इलेक्ट्रिशियनची तारीख डिसेंबरची मिळालीय. तोपर्यंत तेलाचे विजेवरचे हीटर दोन आणलेत. ते चालतील ना? आणि भट्टी निघाल्यावर क्रॉल स्पेस सील करायला हरकत नाही ना? वॉटर हीटर स्वयंपाकघराच्या कपाटात आहे, त्याचा पाइप भट्टीच्याच विटांच्या धुराड्यात जातो.

भट्टीवाला

फार चांगलं केलंत. ती रेघ दिसल्यावर दुसरा निर्णयच नव्हता.

तेलाचे हीटर चालतील. १,५०० वॅटचा एक हीटर साडेबारा अँप ओढतो, म्हणून एका सर्किटवर एकच. दोन खोल्यांचे प्लग जुन्या घरात बऱ्याचदा एकाच सर्किटवर असतात. एक्स्टेंशन कॉर्ड वापरायची नाही, थेट भिंतीतल्या प्लगमधे. अर्ध्या तासाने प्लगवर हात ठेवून बघा, गरम लागला तर ती जागा सोडा. १९२६ चं घर आहे, भिंतीत जुनी नॉब अँड ट्यूब वायरिंग (चिनी मातीच्या खुंट्या-नळ्यांवरून नेलेल्या सुट्या तारा) शिल्लक आहे का हे इलेक्ट्रिशियनला आधी फोनवर विचारून घ्या, डिसेंबरची वाट बघू नका.

आता तुमच्या शेवटच्या वाक्याकडे येतो, कारण ते तुम्ही सहज लिहिलंत आणि तेच सगळ्यात महत्त्वाचं आहे. वॉटर हीटर त्याच धुराड्यात जातो. ते धुराडं भट्टी आणि वॉटर हीटर या दोघांच्या धुरावर गरम होत होतं. भट्टी निघाली की एवढ्या मोठ्या विटांच्या नळीत एकट्या वॉटर हीटरचा धूर जाणार. विटा गारच राहतात, ड्राफ्ट धरत नाही, वाफेचं पाणी आत ओघळतं आणि धूर कपाटात परत येतो. म्हणजे पॅसेजमधली भीती स्वयंपाकघरात आली. मेकॅनिकल परमिट काढताना वॉटर हीटरच्या व्हेंटचं काम त्यातच घाला. एकतर त्याच्या बीटीयूच्या मापाचा धातूचा लायनर धुराड्यातून वरपर्यंत, नाहीतर स्वतंत्र बी-व्हेंट (दुहेरी पत्र्याचा धुराचा पाइप) छपरातून बाहेर. पुढेमागे तो हीटरही विजेवरचा करणार असाल तर पॅनलचा हिशेब करतानाच इलेक्ट्रिशियनला सांगा, म्हणजे एकाच वेळी सगळी बेरीज होईल.

हे झालं, आणि क्रॉल स्पेसमधून हवा घेणारं कुठलंही गॅसचं उपकरण उरलं नाही, की मग सील करा, माझी हरकत नाही. आधी कपड्यांच्या ड्रायरचा पाइप घराखाली तर सुटलेला नाही ना ते बघून घ्या, नाहीतर सगळी ओल तुम्हीच आत कोंडाल.

भट्टी काढायच्या दिवशी मात्र एक गोष्ट त्या माणसाकडून तुमच्यासमोर करून घ्या. सगळ्या खिडक्या बंद, रेंज हूड फुल, बाथरूमचा पंखा चालू, आणि वॉटर हीटर पेटवून पाच मिनिटं थांबून ड्राफ्ट हूडच्या तोंडाशी धूर धरायला सांगा. धूर आत ओढला गेला पाहिजे. बाहेर फेकला गेला तर त्या दिवशी वॉटर हीटरही बंद, आणि आंघोळीचं पाणी विजेच्या शेगडीवर तापवा.